गारव्याची खोली

"म्हणजे अंडं घातलं तेव्हा आत काहीच ठरलेलं नसतं?" आईनं विचारलं.

ती ओटीच्या पायरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. समोर झोपाळ्यावर सोमणबाई. त्या विद्यापीठातून आल्या होत्या आणि त्या हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांचा अभ्यास करत होत्या. वाळूत ठिकठिकाणी तापमापक पुरून ठेवायच्या आणि रोज सकाळी जाऊन ते वाचायच्या. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, वाळूचा ताप बघणारी डॉक्टरीण. उतरायला दुसरी बरी जागा नव्हती म्हणून त्या आमच्या माडीवर राहत होत्या. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात दोन कपाटं सांभाळणारा मी, घरात आणि गावात पुस्तकाशी संबंध असलेला एकटा माणूस, म्हणून त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर जायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"नर की मादी, ते ठरलेलं नसतं मावशी," सोमणबाई म्हणाल्या. "जागा ठरवते. घरटं केवड्याच्या सावलीत असलं, वाळू गार राहिली, की नर जास्त निघतात. उघड्यावर तापत्या वाळूत असलं, की माद्या. अंडी तीच, आई तीच."

आईचा अडकित्ता थांबला.

"गारव्यानं नर," ती म्हणाली.

"कासवांत," मी म्हणालो.

हा शब्द मी उच्चारला होता. माझ्या आठवणींवर मी स्वतःच फारसा विसंबत नाही, पण एवढं मला नक्की आठवतं. तो कोणी ऐकला नाही. मी हळू बोलतो. दत्तादादा, माझा थोरला भाऊ, म्हणायचा, इस्रामचं बोलणं ऐकायचं तर आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलायला हव्यात. माझं नाव विश्राम, पण घरात ते कोणाच्या तोंडी पुरतं बसलं नाही.

आत माजघराच्या दाराशी कुंदावहिनी उभी होती. तिला तीन मुली होत्या आणि चौथ्यांदा दिवस गेले होते. सोमणबाईंसाठी भरलेला चहाचा कप हातात धरून ती तशीच उभी राहिली. चहावर साय धरली तरी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून परत आलो तर मागच्या खोलीतले नारळ अंगणात आणून रचले होते. ही खोली विहिरीला लागून. वरून फणसाची गर्द सावली, एकच हातभर खिडकी, तीही विहिरीकडे. ऐन चैत्रातसुद्धा तिथल्या जमिनीला पाय लावला की गारवा गुडघ्यापर्यंत चढायचा. आई ती जमीन शेणानं सारवत होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कुंदा आजपासून इथं निजेल. इथंच राहील."

"आई, त्या बाई कासवांबद्दल बोलत होत्या."

"मला कळतं रे, मी काय बहिरी आहे?" तिनं सारवणाचा हात उचलला. "तू मला सांग. तिन्ही खेपेला तिचं अंथरूण कुठं होतं?"

उत्तराला ती थांबली नाही.

"न्हाणीच्या चुलीला लागून. मीच घातलं. म्हटलं, गर्भार बाई, ऊब हवी. वर मेथी, डिंक, बाजरी, सगळं उष्ण माझ्या हातानं खायला घातलं. तीन मुली. आणि तुम्ही दोघं कुठं झालात? तुझ्या बापानं तेव्हा न्हाणी बांधली नव्हती. मी ह्याच खोलीत निजायची. दत्ता इथला, तू इथला. आता बोल."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं तिनं वहिनीला बोल लावले होते, आणि आता तिला वाटत होतं की त्या तिन्ही मुली तिच्याच हातून घडल्या. खरं सांगायचं तर, ऊन न येणाऱ्या त्या खोलीत उभा असताना क्षणभर मलाही वाटलं, कोण जाणे. दोन खोल्या, पाच मुलं, आणि एकही अपवाद नाही. पुस्तकात असं कोष्टक दिसलं असतं तर मी पेन्सिलीनं खूण केली असती.

"पण आहे ना हे पुस्तकात?" आईनं विचारलं.

"कासवांचं आहे."

"आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर," असं म्हणून ती पुन्हा सारवायला लागली.

वहिनी खोलीत गेली ती मार्गशीर्षात, थंडी भरात असताना. चुलीजवळ यायचं नाही. उन्हात यायचं नाही. चहा निवलेला. जेवणात ताक, काकडी, कोकमाचं सार, सब्जाचं पाणी. दादानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मुलींनी दारात उभं राहून बोलायचं, पण मांडीवर बसायचं नाही, कारण पोरांच्या अंगाची ऊब लागते. धाकटी चिमी तेव्हा दोन-अडीच वर्षांची. ती दाराच्या चौकटीवर गाल टेकून बसायची आणि वहिनी आतून तिला बडबडगीतं म्हणून दाखवायची.

हे सगळं कशासाठी ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीपलीकडे आईच्या मावसबहिणीची मुलगी होती, लग्नाची. चौथीही मुलगीच झाली तर दत्ताचं दुसरं बघावं लागेल, असं आई उघड म्हणायची. वहिनीची रवानगी मग तिच्या माहेरी, जिथं एक आंधळी आई आणि तिला सांभाळायला नाखूश असा भाऊ होता. मी एकदा म्हणालो होतो की हे कायद्यात बसत नाही.

"कायद्याला खाडी उतरून येऊ दे," आई म्हणाली होती. "मग बघू."

आणि दादा? दादा वाईट माणूस नव्हता. तो माडाच्या आळ्यांत पाणी सोडायचा, जेवायचा, पान खायचा, आणि आई बोलायला लागली की त्याला बागेत काहीतरी काम आठवायचं.

एका दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली तेव्हा मी त्या दाराशी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. अंगावर घोंगडी घ्यायलाही मनाई होती. तिनं लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला होता.

"भाऊजी, तिथंच थांबा," ती हसून म्हणाली. "तुमच्या अंगाची ऊब लागेल."

"वहिनी, हे माणसात नसतं. मी पुन्हा एकदा आईला नीट समजावून सांगतो."

"नका सांगू."

"का?"

ती जरा वेळ बोटांची नखं बघत राहिली. ती निळसर पडली होती.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला कोणी हाक मारत नाही," ती म्हणाली. "पाणी भर, भाकऱ्या थाप, गोठा काढ, काही नाही. दुपारी आडवी होते तर कोणी उठ म्हणत नाही. पहिले आठ दिवस मला वाटलं, माहेरीसुद्धा असं सुख नव्हतं."

"आणि आता?"

"आता थंडी वाजते." ती खोकली. खोकला छातीतून आला आणि बराच वेळ थांबला नाही. "पण बाहेर कशी येऊ? बाहेर आले आणि मुलगी झाली, की म्हणतील, बघा, हिला दम निघाला नाही. आत राहून मुलगी झाली, की म्हणतील, चोरून उन्हात बसली असेल. तुम्ही पुस्तकं वाचता ना, ह्यातून वाट असली तर सांगा."

मी म्हणालो, "मी सोमणबाईंना सांगतो. त्यांचं आई ऐकेल."

"भाऊजी," तिनं आवाज खाली आणला. "अगदीच खोटं असतं का हो हे?"

"माणसात, हो."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "तरी पण पुन्हा नका सांगू मला."

सोमणबाई मधे मुंबईला गेल्या होत्या. होळीच्या आधी परत आल्या तेव्हा मी त्यांना किनाऱ्यावर गाठून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या वाळूतच बसल्या. मग उठल्या आणि तडक घरी चालायला लागल्या. मी मागून, जवळजवळ पळत.

आई ओटीवर होती, दादा झोपाळ्यावर. सोमणबाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही.

"मावशी, माझ्या बोलण्याचा तुम्ही चुकीचा अर्थ घेतलात. कासवांचं वेगळं. माणसात मुलगा की मुलगी ते पहिल्याच दिवशी ठरतं, आणि ते बापाच्या बीजावर ठरतं. ऊन, थंडी, खाणंपिणं, कशाचाही संबंध नाही. त्या बाईला बाहेर काढा. छाती भरेल तिची."

दादाचा झोपाळा थांबला. आईनं शांतपणे अडकित्ता मिटला.

"बापाच्या बीजावर," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या दत्तात खोट."

"खोट नाही हो. त्यात दोष कुणाचाच नसतो..."

"त्या दिवशी इथंच बसून तुम्ही म्हणालात, जागा ठरवते. आज म्हणता, बाप ठरवतो. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण तुमचं तुम्ही आधी ठरवा. मग आम्हाला सांगा."

दादा उठून बागेत गेला. पुन्हा बसायला तो ओटीवर आला नाही, तोंड कुणाला दाखवलं नाही, आणि जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाला. संध्याकाळी आई त्याच्याशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होती. खाडीपलीकडचं नाव मला दोनदा ऐकू आलं. सोमणबाईंनी सामान शाळेच्या खोलीत हलवलं. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागली ती त्या दिवसापासून. शिकलेल्या बाया सुनेला काहीबाही शिकवतील म्हणून.

म्हणजे खरं सांगून झालं होतं. माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात, माझ्यापेक्षा शहाण्या माणसानं सांगितलं होतं, आणि त्यानं कडी तेवढी लागली होती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सुरूच्या झाडांखालचं एक घरटं उघडून बघत होतो. आत नुकतीच फुटलेली कवचं होती. सोमणबाई माझ्याशी फारसं बोलत नव्हत्या. मी विचारलं, "अंडी वाळूत असतात तेवढा सगळा काळ गारवा लागतो का? की थोडाच?"

"सगळा नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला काही परिणाम नाही, शेवटी नाही. साधारण मधला तिसरा हिस्सा. तेवढ्यात काय ते ठरतं. मग वाळू कितीही तापू दे, झालेलं बदलत नाही." त्यांनी मान वर केली. "का?"

"उगाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि दादा पानावर बसलो होतो. आई वाढत होती. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येत होता आणि आम्ही तिघंही तो ऐकू येत नसल्यासारखे जेवत होतो.

"आई," मी म्हणालो. "त्या कासवांच्या पुस्तकातलं एक सांगायचं राहून गेलं."

"आता काय?"

"गारवा मधल्याच काळात लागतो. तीन हिस्से केले तर मधला. त्यानंतर जे ठरायचं ते ठरलेलं असतं. पुढं ऊब लागली तरी उलटत नाही."

आईनं पळी खाली ठेवली आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागली. चौथा, पाचवा, सहावा. ती पुन्हा पहिल्या पेरावर गेली आणि पुन्हा मोजलं.

"म्हणजे तिचा हिस्सा पुरा झाला."

"हो."

"हे त्या बाईनं सांगितलं?"

"हो. पण मी वाचूनही बघितलं." हे खोटं होतं. असं पुस्तक आमच्या दोन कपाटांत नव्हतं.

दादा आईला म्हणाला, "पंडिताच्या शब्दावर कोंबडी खुराड्यात जात नाही, आणि तू..."

"तू गप रे." आई माझ्याकडे बघत होती. तिनं माझ्याकडे इतकं निरखून आधी कधी बघितलं होतं, मला आठवत नाही. "इस्राम, तीन महिने मी जीव मुठीत धरून हे केलंय. तिचेही हाल केले, मला काय दिसत नाही? तुझ्या शब्दावर काढायची का तिला बाहेर?"

"माझ्या शब्दावर काढ."

"उद्या काही झालं तर?"

"मीच सांगितलं असं म्हण."

आई उठली. कडी काढल्याचा आवाज आला. वहिनी बाहेर आली तेव्हा अंगणातल्या उन्हानं तिचे डोळे मिटले. चिमी धावत जाऊन तिच्या पायांना बिलगली आणि आईनं तिला ओढून घेतलं नाही. त्या दिवशी वहिनीला कढत चहा मिळाला. आठवडाभरात खोकला उतरला.

वैशाखात ती बाळंत झाली. मुलगी.

मला ते वाचनालयात कळलं. कोणी निरोप घेऊन आलं नाही, आई स्वतः आली. तिथं ती आयुष्यात कधी आली नव्हती. दारात उभी राहून तिनं कपाटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. वर्तमानपत्र वाचायला बसलेले दोघं उठून गेले.

"मुलगी झाली," ती म्हणाली.

"वहिनी बरी आहे ना?"

"तू बाहेर काढायला लावलंस."

"हो."

"मी म्हणत होते, पुरतं होईपर्यंत राहू दे. तू मधला हिस्सा, मधला हिस्सा म्हणून डोकं खाल्लंस. आणखी महिनाभर राहिली असती तर मुलगा होता."

"असता कदाचित."

"कदाचित नाही. होता."

गेले दोन महिने ह्या वाक्याची मी वाट बघत होतो, आणि ते आल्यावर काय बोलायचं ते मला पाठ होतं.

"होता, आई," मी म्हणालो. "मुलगाच होता. माझं वाचण्यात चुकलं. मी घाई केली."

ती म्हणाली, "पोरीनं जीव टाकून तपश्चर्या केली, आणि घरचाच शहाणा आडवा आला." पदरानं डोळे पुसले आणि बाळंतिणीचं पाणी तापवायला घरी गेली.

पुढचे कित्येक दिवस ती विहिरीवर, देवळात, भेटेल त्या बाईला हेच सांगत होती. कुंदाचा ह्यात काय दोष? ती बिचारी तीन महिने गारठ्यात बसली, हूं की चूं केलं नाही. अशा सुनेला माहेरी धाडलं तर देव मला विचारेल. आमच्या इस्रामनंच घात केला. खाडीपलीकडचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. दादाचं दुसरं झालं नाही. आई मला पुस्तकातलं काहीही विचारेनाशी झाली. जेवायची वेळ झाली की ती मुलींपैकी कोणाला तरी म्हणायची, "त्याला सांगा, पान वाढलंय." तशी ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

गावात आणखी कोणी आपली सून अशी गारव्यात ठेवली का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आईच्या हिशेबानं उपाय खोटा ठरलाच नव्हता, फक्त अर्धवट सोडला होता. कधी कधी हे मनात येतं आणि मग हातातलं पुस्तक पुढं सरकत नाही.

परवा उज्ज्वला येऊन गेली, तीच चौथी. ती चिपळूणला बँकेत आहे, तिची मुलं कॉलेजात आहेत. आई नाही, दादाही नाही. घरात आता मी आणि वहिनी. उज्ज्वलाला एसटीत बसवून आम्ही परत आलो. वहिनीनं चहा टाकला आणि दोन कप घेऊन ओटीवर आली.

"चौघीही चांगल्या निघाल्या," ती म्हणाली.

"हो ना."

"तरी आज घरात एक सून असती." तिनं चहात फुंकर मारली. "मला अजून वाटतं भाऊजी, तेव्हा आणखी थोडे दिवस मला तिथं राहू दिलं असतं तर..."

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. ह्या घरात ती चाळीसहून जास्त वर्षं राहिली आहे. त्यातली निम्मी तरी तिनं आईच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं आहे. मला सांगता आलं असतं. तिला आता कोणी कुठं धाडणार नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी खरं सांगितलं तर त्या खोलीतले तीन महिने तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल. तिची ती एकच गोष्ट होती जिच्याबद्दल ह्या घरानं तिला कधी नावं ठेवली नाहीत.

"हो वहिनी," मी म्हणालो. "माझी घाई झाली."

तिनं माझा कप माझ्याकडे सरकवला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही काय मुद्दाम केलंत थोडंच."